आपापल्या माणसाला विचारायचं

आमच्या गावात मत मागायला येणाऱ्याला आधी बांधावरून चालवायचे. अलिबागच्या माझ्या शेजारणीला मी हे सांगितलं की ती हसते. तिला वाटतं, माहेरचं कौतुक चाललंय, थोडं मीठमसाला लावून सांगतेय. अहो नाही, खरंच चालवायचे. आणि चालवण्यात पहिला मान माझ्या बाबांचा असायचा.

आमचं गाव खारेपाटातलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे मातीचा बांध. भरतीचं पाणी शेताच्या पातळीपेक्षा उंच चढतं, म्हणजे बांध आहे म्हणून गाव आहे. त्या बांधात एके ठिकाणी लाकडी दारं, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला दारं उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला लावून घ्यायची. ही दारं कुजली किंवा बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात. मग पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको.

तर साहेब लोक जीपमधून यायचे. देवळात नारळ, आमच्या ओटीवर चहा, आणि मग बाबा उठायचे. "चला साहेब, पानी उतरलंय." साहेबांना वाटायचं, दोन पावलं जाऊन फोटो काढायचा असेल. बाबा त्यांना चपला हातात घ्यायला लावून पार उघाडीपर्यंत न्यायचे. बांध एवढा अरुंद की एका वेळी एकच माणूस चालू शकतो. त्यामुळे साहेबांच्या आजूबाजूला त्यांची पोरं कोंडाळं करून उभी राहू शकत नसत. पुढे बाबा, मधे साहेब, मागे गावातला एक माणूस प्रश्न विचारायला. त्याचं झालं की तो उतारावर पाय टाकून थांबायचा आणि मागचा पुढे यायचा. साहेबांना वळून हातवारे करायची सोय नाही, कारण वळलं की घसरलं. समोर बघत जेवढ्यास तेवढं उत्तर द्यावं लागायचं. भाषण असं बांधावर करताच येत नाही बाई!

मी तिसरी-चौथीत असताना समोरच्या पक्षाचे एक जाडजूड आमदार घसरलेच. गुडघ्यापर्यंत चिखलात. आम्ही पोरी फिदीफिदी हसलो, तर बाबांनी असे डोळे वटारले की आमचं हसू जागच्या जागी गोठलं. आईनं त्यांना परसात नेऊन पायांवर पाणी घातलं, पंचा दिला आणि पानावर बसवलं. त्या दिवशी आमच्या तळ्यातला जिताडा काढला होता. आमच्याकडे घराघराला मागे तळं असतं आणि त्यात हा मासा वाढवतात, जावयासाठी नाहीतर साहेबांसाठी. आमदारांनी कालवण दुसऱ्यांदा मागितलं. आई पळी हातात धरून उभी. "उघाडीची दारं कधी बदलताय?"

"वहिनी, वाढा तर आधी."

"वाढते की. दारं?"

पावसाच्या आधी दारं बदलली. पुढच्या खेपेला त्यांनी रस्त्याचं काम केलं नाही, तर गावानं त्यांना साफ पाडलं. पडले तरी माझ्या लग्नाला आले, मांडवात पहिल्या पंगतीला बसले आणि बाबांना म्हणाले, "तुम्ही लोकांनी माझी चांगली जिरवली." दोघं खो खो हसले. आता हे कुणाला सांगितलं तर पटत नाही.

मग तिकडे मुंबईत बाबांचा पक्ष फुटला. कुणाचं चूक, कुणाचं बरोबर ते मी सांगत बसत नाही, टीव्हीवर सांगणारे पुष्कळ आहेत. आमच्या गावात झालं ते असं. खालच्या आळीनं एक बाजू धरली, वरच्या आळीनं दुसरी. खालच्या आळीत आमचं घर. वरच्या आळीत माझा मामा, आईचा सख्खा धाकटा भाऊ. मामा आणि बाबा लहानपणापासूनचे जिवलग. जन्मभर एकाच पक्षाचे झेंडे लावले, एकाच ताटात जेवले म्हणा ना. बाबा जुन्या चिन्हासोबत राहिले, त्यांचे आताचे आमदार सत्तेच्या बाकांवर गेले. मामा दुसऱ्या गटात, त्यांचे नेते विधान परिषदेवर, विरोधी बाकांवर. तिकडे विधानभवनाच्या आवारात हे दोघे नेते एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, इकडे मामानं आमच्याकडे चहाला यायचं बंद केलं.

पहिल्यांदा आम्हाला गंमत वाटली. मी मामाला फोनवर चिडवायचे, "काय विरोधी पक्षनेते, आमच्याकडे जिताडा काढलाय, येताय का सभात्याग करताय?" मामा हसायचा. हळूहळू तो हसेना.

त्याच वर्षी श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली, आणि पडली ती आमच्याच शेतासमोर. लावणी झालेली होती. एका भरतीत सगळं शेत खाऱ्या पाण्याखाली. बाबांनी शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या. आमच्याकडे जोळ म्हणून पद्धत आहे. खांड पडली की प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर आलाच पाहिजे. रांग धरायची, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे आणि ओहोटी संपून भरती लागेपर्यंत पाणी थांबलेलं असतं त्या थोड्या वेळात मधलं तोंड एकदम बुजवायचं. दोन्ही टोकांची माणसं एकाच दमात मधे आली तरच ते बुजतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक हे करत आले होते.

या वेळी काय झालं? सकाळच्या ओहोटीला खालची आळी आली, आमदारांचा फलक घेऊन. आपल्या टोकाकडून गोणी टाकल्या, फोटो काढले, गेली. संध्याकाळच्या ओहोटीला वरची आळी आली, त्यांच्या नेत्याचा फलक घेऊन. त्यांनी त्यांच्या टोकाकडून टाकल्या. मधलं तोंड कुणीच बुजवेना, कारण मधे गोण टाकायची तर दुसऱ्यांची वाट बघायची, आणि दुसरे आले तर खांड कुणी बुजवली म्हणायचं? दोन्हीकडून तोंड अरुंद झालं, पाण्याला जोर चढला आणि रात्रीच्या भरतीनं दोन्ही आळ्यांच्या गोणी धुऊन नेल्या. खांड दुप्पट झाली. अख्ख्या खारेपाटात एवढा मूर्खपणा कुणी केला नसेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तुम्हाला सांगते.

"अधिवेशनात लक्षवेधी लावलीय आमच्या साहेबांनी," बाबा म्हणाले. "सरकारी बांध मंजूर करून आनतील."

लक्षवेधी येणार होती त्या दिवशी मी मुद्दाम माहेरी गेले होते. ओटीवर फोन उभा करून बाबा आणि खालच्या आळीची मंडळी बसली. आमच्या बांधाचा विषय दुपारी येणार होता. दुपार झाली तेव्हा सभागृहात घोषणा चालल्या होत्या. विषय दुसराच काहीतरी. मामाच्या पक्षाचे लोक मधल्या मोकळ्या जागेत उतरलेले, आणि समोरून उभं राहून हात नाचवत सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते ते आमचेच आमदार. हातात कागद फडकत होता. ओटीवर टाळ्या पडल्या. "हाणला! काय खडसावला साहेबांनी!" मग अध्यक्ष उठले आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं. वरच्या आळीतही तेव्हा टाळ्याच वाजत असणार.

आई दारात उभी होती. "पन खांडीचं काय झालं?"

"तू गप गं," बाबा खेकसले. "तुला त्यातलं काय कळतंय?"

आई गप्प बसली. आईचं गप्प बसणं आमच्या घरात कुणालाच मानवत नाही.

पुढच्या पावसात पुन्हा तेच, आणखी वाईट. आणि त्या दिवाळीला मी गेले तर बाबा शेतात वाकलेले दिसले. मला वाटलं काहीतरी पेरलंय. जवळ गेले तर ते तिवरं उपटत होते. खाडीच्या पाण्याबरोबर तिवराच्या बिया वाहून येतात आणि खाऱ्या चिखलात धरतात. आमच्या भाताच्या जागी गुडघाभर उंचीची हिरवीगार तिवरं उभी होती. वन खात्याचा एक माणूस तिकडून चालला होता. तो हात जोडून म्हणाला, "काका, उपटू नका. गुन्हा लागेल. माझ्यासमोर तरी नका उपटू."

तो वाईट नव्हता, कायदाच तसा आहे. एकदा तिवरं वाढली की ते कांदळवन, म्हणजे जंगल. मग सातबाऱ्यावर तुमचं नाव असो नाहीतर आणखी कुणाचं. अजून एक पाऊस असाच गेला असता तर बाबांचं शेत कायमचं गेलं असतं, आणि त्यामागून एकेक करत गावातली सगळी. हे बाबांना कळत होतं, मामालाही कळत होतं. बाबा हातातली रोपटी टाकून बांधावर बसले आणि बोलायचं म्हणून बोलले, "पुन्हा भात बघायला मिळेल का गं?" मला रडू आलं.

दोन दिवसांनी भाऊबीज. मामा आला, कारण भाऊबीजेला न येण्याइतका तो अजून बिघडला नव्हता. पाटावर बसला. बाबा झोपाळ्यावर, तोंड भिंतीकडे. आईनं ताम्हन घेतलं, निरांजन लावलं आणि तशीच उभी राहिली. ओवाळेना.

"काय झालं, ताई?"

"मला ओवाळनी न्हाय पायजे. खांड बुजवून दे."

मामा भडकला. "मला काय सांगतेस? ह्यांच्या आमदाराला सांग. सत्तेत ते हायत. फाईल दाबून बसलेत."

बाबा गर्रकन वळले. "तुमची मानसं सभागृह चालू देतात का? गोंधळ कोन घालतंय?"

झालं! जुंपली दोघांची. दोन वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते ते असं. निरांजनातलं तूप ताम्हनात सांडलं तरी आई हलली नाही. मग तिनं आवाज चढवला. माझी आई आवाज चढवते तेव्हा शेजारच्या घरातली भांडीसुद्धा थांबतात.

"बास! दुसऱ्याच्या मानसाबद्दल माझ्या घरात एक अक्षर काढायचं न्हाय. तुझ्या मानसाला तू विचार. ह्यांच्या मानसाला हे विचारतील. दोन वर्षं झाली, तू ह्यांच्या मानसाला शिव्या घालतोस आनि हे तुझ्या. आपल्याला कोनी विचारलंच न्हाय."

बाबा पडेल आवाजात म्हणाले, "अगं, चारचौघांत आपल्याच मानसाला विचारलं तर त्यांचं फावतं."

"माझंबी तेच हाय," मामा म्हणाला.

"मग दोघांचंबी फावू द्या."

मला हसू फुटलं. मामालाही फुटलं असावं, कारण तो मान खाली घालून पाटाशी चाळा करत बसला. मग बाबा म्हणाले, "पौषात पुनवेच्या आसपास सकाळी पानी चांगलं उतरतं." मामा म्हणाला, "उतरतं." आईनं ओवाळलं.

आता आपल्या नेत्याला बोलावणं सोपं, पण विचारणार आहोत हे आळीला सांगणं महाकठीण. खालच्या आळीतल्या पोरांनी बाबांना धारेवर धरलं. "काका, तुम्हाला मामानं फूस लावली. विरोधक व्हिडिओ फिरवतील." एकानं तर तोंडावर गद्दार म्हटलं. ज्या माणसानं त्या पक्षासाठी भिंती रंगवण्यात तारुण्य घालवलं, त्याला! त्या दिवशी बाबांना जेवण गेलं नाही. वरच्या आळीत मामाचंही तेच झालं. पण दोघं हटले नाहीत. हट्ट म्हणाल तर दोघांच्या अंगात ठासून भरलेला.

पौषात दोन्ही साहेब आले. एकाला माहीत नाही की दुसरा येतोय. आमदार खालच्या आळीच्या टोकाकडून बांधावर चढले, पुढे बाबा. मामाचे नेते वरच्या टोकाकडून, पुढे मामा. बांध तसाच अरुंद होता, त्यामुळे बरोबर आलेली सगळी फौज खालीच राहिली. मी आईला घेऊन खांडीजवळ चिखलात उभी होते. दोन्ही साहेब चालत चालत खांडीपाशी आले आणि थांबले. मधे पाणी, पलीकडे समोर तो. विधानभवनात ज्याच्या अंगावर धावून जायचं, तो इथं पाच-सात हातांवर चपला हातात धरून उभा. दोघांनाही परत वळायची पंचाईत. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आमदारांनी लगेच समोर बोट दाखवलं. "काका, हे बघा, ह्यांच्या लोकांमुळेच लक्षवेधी..."

"त्यांचं आमी विचारलं न्हाय साहेब," बाबा म्हणाले. "त्यांना विचारायला त्यांची मानसं हायत. तुमी काय केलंत ते सांगा."

पलीकडे मामा त्याच्या नेत्याला तेच विचारत होता. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. नेते म्हणाले, सरकार आमचं ऐकत नाही. मामा म्हणाला, "ओरडून सांगितलंत, ते ऐकलं आमी. सभा बंद पाडली न्हाय अशा एका दिवशी उठून आमच्या बांधाचं नाव घेतलंत का?" नेत्यांनी घसा खाकरला. आमदार पाण्याकडे बघत राहिले. खाली दोन्ही आळ्यांची माणसं जमली होती आणि एकानंही टाळी वाजवली नाही. वाजवणार कुणासाठी?

त्यानंतर कामं हलली, हे मान्य केलं पाहिजे. दोघांनी सह्या केल्या, आपापल्या बाजूनं पत्रं दिली, उन्हाळ्यात मंजुरी आली आणि मोजणीचे लोक दोऱ्या घेऊन बांधावर उतरले. आम्ही पेढे वाटले. मग एका सकाळी आमदारांचा फोन आला आणि ते स्वतःच आमच्या ओटीवर येऊन बसले. चहा घेतला नाही.

"काका, बांधाची जुनी रेघ तिवरांतून जाते. तिथं बांधता येत नाही, कायदा आडवा येतो. नवा बांध आतून घ्यावा लागणार." जरा थांबून म्हणाले, "तुमचं शेत बाहेर राहतंय. बाकी सगळ्या गावाचं आत येतं."

बाहेर म्हणजे खाडीत.

"तुमची हरकत असेल तर सांगा," ते म्हणाले. "नव्यानं प्रस्ताव टाकू. पण मग यंदाचा पाऊस जाईल. पुन्हा अधिवेशन, पुन्हा सगळं."

मामा धावत आला होता. तो बाबांचा हात धरून म्हणाला, "नको म्हन. मी हाय तुझ्याबरोबर. माझं शेत गेलं तरी चालेल." आई आतल्या दाराला टेकून रडत होती. बाबांनी मामाचा हात हळूच सोडवला. मग म्हणाले, "घाला आतून." आणि आमदारांकडे बघून, "माझं एक काम करा साहेब. दोन वर्षं आधी झालं असतं तर हे शेत वाचलं असतं. ते का झालं न्हाय, ते तिकडं सभागृहात उभं राहून एकदा सांगा. ओरडू नका. नुसतं सांगा."

"शब्द देतो काका," आमदार म्हणाले. बाबांच्या पाया पडले. डोळ्यांत पाणीही होतं त्यांच्या, ते मी बघितलं आणि खोटं म्हणणार नाही.

बांध झाला. गावात भात पिकलं. बाबांच्या शेतात आता तिवरं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. अधिवेशन लागलं की बाबा ओटीवर फोन उभा करून बसायचे. मामाही यायचा, शेजारी बसायचा. पहिलं अधिवेशन गेलं, दुसरं गेलं. आमदार दिसायचे, बोलायचेसुद्धा. समोरच्यांना काय काय म्हणायचे. आमच्या शेताचं कधी निघालं नाही. एकदा त्यांचं नाव पुकारलं तेव्हा बाबा खुर्चीवर पुढे सरकले. आमदार उठले आणि विरोधकांच्या जुन्या भानगडी काढायला लागले. ओटीवर एक पोरगा टाळी वाजवायला गेला, तर बाबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मग निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी मी अलिबागला मतदान करून थेट माहेरी गेले. शाळेत रांग होती. बाबा आत गेले, मामा त्यांच्या मागे. बाबांनी वयात आल्यापासून एकच चिन्ह निवडलेलं, डोळे मिटून दाबता येईल असं. बाहेर आले ते नीट चालत आले आणि शाळेच्या पायरीवर बसले. मग खांदे हलायला लागले. मी धावले. मला वाटलं छातीत कळ आली.

मामा शेजारी बसला. हळूच म्हणाला, "आमच्याला दिलंस?"

"तुमच्याला कशाला देऊ? तुमच्याला तू विचार." बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले, पण ते थांबेनात. "न्हाय दिलं गं त्याला," ते मला म्हणाले. "आपला मानूस होता तो."